पहिल्या खुर्चीची खूण

"आता बघा हं... आता! आतला राखणदार जागा होतोय!"

काचेला नाकं लावून वीस-पंचवीस माणसं उभी होती. काचेच्या अलीकडे दवाखान्याचा बसायचा हॉल, पलीकडे सलाईनचा वॉर्ड. वॉर्डात दहा खुर्च्या एका ओळीत, आणि सगळ्यांचे डोळे मात्र पहिल्या खुर्चीवर खिळलेले. त्या खुर्चीत पन्नाशीची एक बाई बसली होती. हातात सुई, सुईला नळी आणि नळीच्या वरच्या टोकाला लालसर औषधाची पिशवी. औषध सुरू होऊन जेमतेम चार मिनिटं झाली असतील.

हॉलमध्ये एका बाकड्यावर चढून, बोट वर करून जो उभा होता, तो स्वतःला सूक्ष्मगुरू म्हणवून घ्यायचा. रोज सकाळी तो त्याच बाकड्यावर ठाण मांडायचा, म्हणून वॉर्डातल्या सिस्टर त्याला आपापसात बाकडेबाबा म्हणत. पांढराशुभ्र शर्ट, मनगटात तांब्याचं जाड कडं आणि जिभेवर सगळं विज्ञान पाघळलेलं.

"हे औषध साधं नाही, मंडळी! सूक्ष्म कणांचं आहे. माणसाने बनवलेले कण! पण शरीराच्या दारात एक राखणदार बसलेला असतो. त्याची सूक्ष्म कंपनं आणि या कणांची कंपनं जुळत नाहीत. तो खूण देतो, खूण! चेहरा लाल होईल. छाती आवळेल. बघत राहा!"

आणि खरोखर तसं झालं. बाईचा चेहरा गळ्यापासून वर लालबुंद होत गेला. तिने छातीवर हात दाबला, श्वास अर्धवट ओढला. हॉलमध्ये कुणीतरी "अगं आई गं!" म्हणालं.

"खूण पटली!" बाकडेबाबा गरजला. "ताई, कडं धरा! घट्ट धरा!"

बाईने डाव्या मनगटातलं तांब्याचं कडं उजव्या हाताने गच्च धरलं. पंधरा मिनिटांत चेहऱ्यावरची लाली ओसरली, श्वास मोकळा झाला. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. एका आजोबांनी बाकडेबाबाच्या पायाला हात लावला.

आता त्या पंधरा मिनिटांत काचेच्या आत काय झालं होतं, तेही सांगायला हवं, कारण ते कुणी पाहिलंच नव्हतं. वॉर्डातल्या सिस्टरने झटकन पुढे होऊन नळीवरचं चाक फिरवून औषध बंद केलं होतं, प्राणवायूचा मास्क लावला होता, डॉक्टर मॅडमनी सांगितलेलं इंजेक्शन दिलं होतं आणि नाडीवर बोट ठेवून ती जागची हलली नव्हती. सगळं श्रेय मात्र चार तोळे तांबं घेऊन गेलं. सिस्टरचं पित्त खवळलं त्याचं कारण एवढंच नव्हतं. खुर्चीतली बाई तिची सख्खी थोरली जाऊ होती.

घरात या दोघींना थोरली आणि धाकटी असंच म्हणत. थोरली बायकांचे कपडे शिवायची. धाकटी लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिचं नर्सिंगचं दुसरं वर्ष अर्धवट राहिलं होतं आणि सासूबाईंनी "झालं तेवढं पुरे" असा निकाल देऊन टाकला होता. तेव्हा मशीनवरून मान वर न करता थोरली म्हणाली होती, "ती शिकणार. घरचं मी बघते." पुढची दोन वर्षं तिने खरंच बघितलं. धाकटीचा नोकरीचा पहिला युनिफॉर्मही तिनेच शिवला होता, आणि आत एक जास्तीचा खिसा लावला होता.

त्या थोरलीच्या छातीत आता गाठ होती. सहा वेळा औषध घेतलं तर गाठ आटोक्यात येण्याची चांगली आशा आहे, नाही घेतलं तर वर्षभराचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं.

आणि थोरली संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, "मी आता तिथे परत जाणार नाही."

"वहिनी, असं काय करता? एकदाच त्रास झाला. पुढच्या वेळी हळू सोडू. बहुतेक होत नाही."

"गुरुजी म्हणाले, दुसऱ्यांदा राखणदार माफ करत नाही. त्यांच्या केंद्रात तीन महिने राहायचं. सूक्ष्म स्नान असतं म्हणे."

"सूक्ष्म स्नान म्हणजे काय असतं?"

"मला काय माहीत!" थोरली चिडली. मग खाली बघत कडं फिरवत राहिली. "सकाळी मला खुर्चीत बसवल्या-बसवल्या दारातून कडं देऊन ते म्हणाले, ताई, पाचव्या मिनिटाला तुमचा चेहरा लाल होईल, छाती आवळेल. तसंच झालं की नाही?"

"झालं."

"असं होऊ शकतं, हे तुला माहीत होतं?"

धाकटीला खोटं बोलायचं असतं तर ती वेळ होती. पण थोरलीसमोर तिला कधी खोटं जमलंच नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

"मग तू का नाही सांगितलंस? परक्या माणसाने सांगितलं. घरच्या माणसाने नाही."

धाकटीला त्या रात्री जेवण गेलं नाही. ती चिडली होती बाकडेबाबावर, पण काटा टोचत होता दुसरीकडेच. वॉर्डाचा एक जुना नियम होता: पेशंटला आधी काही सांगायचं नाही, उगाच घाबरतो. इन्चार्ज बाईंनी तो नियम त्यांच्या इन्चार्ज बाईंकडून घेतला होता आणि धाकटीने इन्चार्ज बाईंकडून. का, असं कुणीच विचारलं नव्हतं. सगळ्यांनी मायेपोटी तोंड शिवून घेतलं होतं. आणि ज्याला माया नव्हती, तो एकटा खरं बोलून गुरू झाला होता.

दुसऱ्या दिवशी तिने वॉर्डाची जाड वही काढली. या औषधाचे गेल्या सहा महिन्यांतले पेशंट शोधले. पहिल्यांदा औषध घेणारे चाळीस निघाले. त्यांतल्या अकरा जणांना त्रास झाला होता, एकोणतीस जणांना काहीच नाही. मग तिने आयाबाईंना विचारलं, "मावशी, हा बाकडेबाबा कुणाकुणाला कडं देतो हो?"

"नव्या माणसाला. एक सोडत नाही."

"आणि त्रास झाला नाही तर?"

"तर म्हणतो, बघा, कड्याने राखणदाराला थोपवलं!" मावशी खो खो हसल्या. "त्याचं आपलं दोन्हीकडून बरं आहे."

पण नवा माणूस कोणता, हे त्याला कळतं कसं? वॉर्डात येणारे सगळे तोंडाला मास्क आणि डोक्याला टोपी घालूनच येतात, मास्क काढतात ते खुर्चीत बसल्यावर. फाइली कपाटात असतात. धाकटीला आधी वाटलं, आतलाच कुणीतरी फितूर आहे. दोन दिवस तिने सगळ्यांकडे संशयाने पाहिलं, बिचाऱ्या मावशींकडेसुद्धा. तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत बाकडेबाबा चहाला गेलेला असताना ती डबा घेऊन सरळ त्याच्याच बाकड्यावर जाऊन बसली. त्याला जे दिसतं, ते तिला बघायचं होतं.

पोळीचा घास तोंडात तसाच राहिला. काचेतून पहिली खुर्ची आरशासारखी लख्ख दिसत होती. खुर्ची सिस्टरांच्या टेबलाला अगदी खेटून, टेबलावर प्राणवायूचं नळकांडं, इंजेक्शनांचा ट्रे. पहिल्यांदा औषध घेणाऱ्याला नेहमी त्याच खुर्चीत बसवायचं, म्हणजे काही झालं तर दोन पावलांत पोचता येतं. ही शहाणपणाची सवय इतकी अंगवळणी पडली होती की कुणाच्या लक्षातही येत नव्हती. बाकडेबाबाला फितूर लागतोच कशाला? रोज सकाळी वॉर्डच त्याला बोट दाखवून सांगत होता, हा बघ नवा.

"हात्तिच्या!" धाकटी मोठ्याने म्हणाली. शेजारचे आजोबा दचकले.

तिने सगळं डॉक्टर मॅडमना सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "खुर्ची बदलायची?"

"खुर्ची बदलायची."

"पण पेशंटच्या जिवाशी खेळ नको."

"नाहीच मुळी. नव्या पेशंटच्या शेजारी तुम्ही आणि मी. ट्रे, नळकांडं, सगळं तिकडे नेऊ, वरून चादर टाकू. आणि नव्या-जुन्या दोन्ही पेशंटना आधी सगळं खरं सांगू. ते हो म्हणाले तरच."

इन्चार्ज बाई कुरकुरल्या. "आधी सांगितलं तर पळून जातील गं."

"बाई, न सांगितल्याने माझी जाऊ पळाली," धाकटी म्हणाली. इन्चार्ज बाईंनी कपाटातून चादर काढून दिली.

तीन आठवडे थोरलीने दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही. तिच्या दुसऱ्या डोसाचा बुधवार उजाडला तेव्हा ती आली ती औषधासाठी नव्हे, फाइल परत मागायला. सोबत तिचे यजमान, म्हणजे थोरले भावजी, हातात केंद्रात राहायला जायची बॅग. धाकटीने कपाटातून फाइल काढली.

"वहिनी, फाइल देते. फक्त अर्धा तास बसा आणि हा कागद जवळ ठेवा. मी सांगेन तेव्हा उघडा."

"हे काय नवीन?"

"तुम्ही माझं शिक्षण दोन वर्षं सांभाळलंत. माझा एक कागद अर्धा तास सांभाळा."

थोरलीने कागद मुठीत घेतला.

मग धाकटी हॉलच्या मधोमध जाऊन उभी राहिली. कमरेवर हात ठेवायची तिला सवय नव्हती, पण त्या दिवशी ते आपोआप गेले.

"गुरुजी, आज दोन पेशंटना हेच औषध लागणार आहे. एक पहिल्या खुर्चीत, एक आठव्या. राखणदार कुणाला खूण देणार, सांगा की सगळ्यांसमोर."

बाकडेबाबा सुखावला. गर्दी होती, पायाला हात लावणारे आजोबा होते आणि दवाखान्याची सिस्टर हात जोडल्यासारखं विचारत होती. तो बाकड्यावर चढला. डोळे मिटले. मनगट कपाळाला लावलं.

"पहिली खुर्ची! कंपनं इथपर्यंत येतायत. पाच मिनिटांत लाली. ताईंनी कडं घेतलं नाही, त्यामुळे जरा जास्तच."

"आणि आठवी?"

"ते शांत आहेत. त्यांच्या राखणदाराने कण स्वीकारलेत. काही होणार नाही."

"नक्की?"

"कंपनं खोटं बोलत नाहीत!"

"मंडळी, ऐकलंत ना?" धाकटी म्हणाली. तिने वॉर्डाचं दार सताड उघडं ठेवलं आणि थेट आठव्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली.

आठव्या खुर्चीत एक बसड्रायव्हर होता, खुर्चीत मावत नव्हता इतका आडदांड. पहिल्या खुर्चीत गणिताच्या बाई मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन लाल पेनने तपासत बसल्या होत्या. दोन्ही नळ्या एकदमच सुरू झाल्या. हॉलमधली माणसं काचेला चिकटली.

एक मिनिट. दोन. तीन. गणिताच्या बाईंनी एका उत्तरपत्रिकेवर मोठ्ठी फुली मारली. चार मिनिटं झाली.

"येतेय, येतेय," बाकडेबाबा हॉलमधून म्हणत होता. "लाली येतेय, बघा गालावर..."

"अहो, ते लाल पेन आहे!" कुणीतरी म्हणालं आणि पहिल्यांदाच त्या हॉलमध्ये हशा झाला.

धाकटीचं लक्ष तिकडे नव्हतंच. तिची बोटं ड्रायव्हरच्या नाडीवर होती. खरं सांगायचं तर त्याला त्रास होईलच असं नव्हतं आणि होऊ नये असंच तिला वाटत होतं. पाचव्या मिनिटाला त्याने हात वर केला.

"सिस्टर, तुम्ही म्हणालात तसं होतंय. पाठ आवळतेय. तोंड तापलंय."

"बरोबर. घाबरू नका. बंद केलं बघा." तिने चाक फिरवलं. मॅडमनी चादर ओढून ट्रे मोकळा केला, मास्क लावला, इंजेक्शन दिलं. ड्रायव्हरचा चेहरा टोमॅटो झाला होता, पण त्याने मास्कमधून हॉलकडे बघत अंगठा वर केला. मनगटात कडं नव्हतं. घड्याळ होतं, आणि तो स्वतःच त्यात बघून मिनिटं मोजत होता.

"वहिनी, कागद उघडा. मोठ्याने वाचा," धाकटीने मान न वळवता हाक दिली.

थोरलीने घडी उलगडून वाचलं. "पहिल्या खुर्चीतल्या बाई आज चौथ्यांदा औषध घेत आहेत. त्या एरवी शनिवारी संध्याकाळी येतात, तेव्हा गुरुजी नसतात, म्हणून गुरुजींनी त्यांना पाहिलेलं नाही. गुरुजी त्यांनाच खूण येणार म्हणतील, कारण ते राखणदार बघत नाहीत, खुर्ची बघतात. आठव्या खुर्चीतले आज पहिल्यांदाच घेत आहेत. त्रास झाला तर त्यांना होण्याची शक्यता जास्त. होईलच असं नाही. झाला तर औषध थांबवल्यावर थोड्या वेळात जाईल."

आजोबांनी आधी पहिल्या खुर्चीकडे पाहिलं, मग आठव्या.

बाकडेबाबा सावरायला बघत होता. "त्याचं असं आहे, मंडळी... काचेमुळे कंपनं उलटी फिरली. डावीकडची उजवीकडे..."

"काच कालही होती की!" आजोबा म्हणाले. हे तेच, पायाला हात लावणारे.

पहिल्या खुर्चीतून गणिताच्या बाईंचा वर्गात चालतो तसा आवाज आला. "अहो गुरुजी, सिस्टरांनी मला वही दाखवली, त्यात नवे चाळीस, आणि नव्या माणसाला तुम्ही कडं देता. अकरा जणांना त्रास झाला ते तुमचं बरोबर, एकोणतीस जणांना झाला नाही तेही तुमचंच बरोबर. कुठलंही उत्तर आलं तरी पैकीच्या पैकी मार्क? असला पेपर मी तपासत नाही."

या वेळी हशा पार दारापर्यंत गेला, आणि त्याच्या मागोमाग बाकडेबाबाही. जाताना तो "नास्तिकांच्या कंपनांनी वातावरण दूषित केलं" असं काहीतरी पुटपुटत होता, पण तिकडे कुणी कान देत नव्हतं.

पंधरा मिनिटांत ड्रायव्हरचा चेहरा मूळ रंगावर आला. अर्ध्या तासाने मॅडमनी तेच औषध पुन्हा सुरू केलं, या वेळी अगदी थेंब थेंब. काही झालं नाही. त्याने घोरायला सुरुवात केली तेव्हा धाकटी हॉलमध्ये आली. थोरली मधोमध उभी होती, कागद अजून हातात.

"हे होतं का, ते आता मला समजेल असं सांग," थोरली म्हणाली. "कंपनं-बिंपनं नकोत."

"वहिनी, हे औषध चरबीच्या इवल्या बुडबुड्यांत भरलेलं असतं. इतके बारीक, की तुमच्या एका केसाच्या जाडीत आठशे एका ओळीत बसतील. असं का बनवतात? तर औषध गाठीपर्यंत जास्त पोचावं आणि बाकीच्या शरीराला कमी जाळावं. पण आपल्या रक्तात जन्मापासूनची गस्त असते. राखणदार खराच आहे, त्या लबाडाने तेवढं खरं उचललं. पण तो देव नाही. रक्तातले काही साधे पदार्थ आणि पेशी आहेत. त्या कुणाचं नाव विचारत नाहीत, ओळख लागत नाही. अनोळखी बारीक कण दिसला की त्याला चिकटायचं आणि शिट्टी मारायची. काही जंतूही तेवढेच असतात ना, त्यामुळे बुडबुडा त्यांना जंतूच वाटतो. नव्या भाडेकरूला चोर समजून वॉचमनने शिट्टी मारावी, तसं. त्या शिट्टीने रक्ताच्या बारीक नळ्या फुगतात, म्हणून चेहरा लाल. छाती आवळते, पाठ दुखते. औषध थांबवलं की शिट्टी थांबते. हळू सोडलं, तर बहुतेक वेळा गस्तीला तेवढं दचकायला होत नाही."

"म्हणजे माझं शरीर औषधाला नको म्हणत नव्हतं?"

"शरीराला औषध कळतच नव्हतं. ते त्याचं रोजचं काम करत होतं. जोरात झालं तर धोका असतो, खोटं कशाला सांगू? म्हणून तर आम्ही शेजारी उभ्या असतो."

"मग हे सगळं," थोरलीने हॉलभर हात फिरवला, "तुम्ही लोकांनी आधी का नाही सांगितलंत?"

वीस-पंचवीस माणसं ऐकत होती. दारात इन्चार्ज बाईही होत्या.

"चुकलं," धाकटी म्हणाली. "घाबरतील म्हणून आम्ही गप्प बसायचो. मीही गप्प बसले, तुमच्यासमोरसुद्धा. आम्ही बोललो नाही म्हणून त्याचं बोलणं चमत्कार झालं. तो काही मोठा नव्हता, वहिनी. आम्ही जागा रिकामी ठेवली होती."

थोरलीने मनगटातून कडं ओढून काढलं, भावजींच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बॅग घरी न्या." आणि धाकटीकडे वळून, "माझी खुर्ची कुठली?"

"पहिली. नको असेल तर..."

"पहिलीच दे. आणि सुई लावायच्या आधी काय काय होऊ शकतं ते सगळं पुन्हा सांग. सगळं. काही लपवलंस तर बघ."

धाकटीने सांगितलं. थोरलीला त्या दिवशी फक्त कानशिलं जराशी गरम झाली आणि तिने ते स्वतःच ओरडून सगळ्या वॉर्डाला कळवलं.

हे झाल्यापासून त्या हॉलमध्ये बाकड्याच्या बरोबर वर एक फळा टांगला आहे. पहिल्या डोसाला काय होऊ शकतं, किती जणांना होतं, आम्ही काय करतो, सगळं त्यावर ठळक अक्षरांत. इन्चार्ज बाईंनी तो स्वतः लिहिला. थोरलीचे सहाही डोस पूर्ण झाले, गाठ सुपारीएवढी होती ती आता तपासताना हाताला लागत नाही, आणि तपासण्या चालू आहेत. तांब्याचं कडं तिच्या मशीनपाशी असतं. कापड बेतताना कागद उडू नये म्हणून ती ते वर ठेवते. चांगलं वजनदार आहे, तेवढं मात्र मान्य करावं लागेल.

बाकडेबाबा गेला, पण असल्यांना दुसरं बाकडं सापडायला वेळ लागत नाही. उद्या तो तुमच्या दवाखान्याच्या हॉलमध्ये, तुमच्या गल्लीत, तुमच्या घरातल्या आजारी माणसाच्या उशाशी येऊन बसेल, आणि त्याचं एखादं बोलणं खरंही निघेल. तेव्हा हात जोडू नका. त्याला हे कसं कळलं, ते विचारा. त्याचं चुकलं ते किती वेळा, ते मोजा. आणि आपल्या डॉक्टरांना, आपल्या सिस्टरांना धरून बसा, म्हणा की आधी सांगा, आम्ही घाबरत नाही. एवढं करूनही कुणी चमत्कार दाखवलाच, तर त्याच्यासमोर उभे राहा आणि सगळ्यांदेखत एकदा खुर्ची बदलून बघा.